अंबाजोगाईच्या फेऱ्या

मी एक जुनी, बुटकी, दोनच माणसांची मोटार आहे. मित्रांनो, माझा रंग एके काळी लालभडक होता, हे आता सांगितल्याशिवाय कळत नाही. मला घडवलं होतं भन्नाट पळण्यासाठी, पण माझं आयुष्य गेलं बीड जिल्ह्यातल्या खडीच्या रस्त्यांवर.

मला मुंबईहून आणलं आप्पारावांनी. ते इथल्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष होते. हंगामातल्या उसाची पहिली मोळी गाळपासाठी गव्हाणीत पडायची त्या दिवशी मी कारखान्याच्या फाटकातून आत शिरायचे, आणि उसाच्या बैलगाड्यांवरची माणसं उठून उभी राहायची. "इमानच हाय की रं!" असं कोणीतरी आभाळाकडे हात करून ओरडायचं. माझी निगा कारखान्यातला फिटर बंकट राखायचा. नुसत्या आवाजावरून माझं काय दुखतंय ते त्याला समजायचं.

पुढे पाऊसच पडेना. ऊस नाही म्हणून एका साली गाळप झालं नाही, पुढच्या सालीही झालं नाही, आणि कारखाना कायमचा थंड पडला. आप्पारावही गेले. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई बंकटला म्हणाल्या, "घिऊन जा बाबा हिला. हितं उंदरं खात्याल." तशी मी वडवणीजवळच्या एका खेड्यात, बंकटच्या अंगणात आले. त्याची बायको रतनबाई मला बघून हसत सुटली. "घरात माणसं दोन अन् गाडीबी दोनाचीच. पाव्हण्याला जागा न्हाई, लई बरं झालं!"

मग रतनबाईच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. रक्त यंत्रातून धुऊन घ्यायला तिला आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला जावं लागे. परत येताना एस.टी.च्या गर्दीत तिला उभं राहवेना, म्हणून बंकट मला काढू लागला. धारूरचा घाट मी जीव लावून उतरायचे आणि चढायचे. जोराने पळणं केव्हाच मागे पडलं होतं, पण मित्रांनो, त्या फेऱ्यांमध्ये मला माझा उपयोग पहिल्यांदा कळला.

एकदा ती म्हणाली, "अवो, गाडीत बसलं की डोकं गरगरतंय."

"आजारपणच हाय तसं," बंकट म्हणाला.

पण पुढच्या खेपेला घाटात त्याचंही डोकं जड झालं. त्याने मला थांबवलं, दारं उघडली, तिला खाली उतरवून बाभळीखाली बसवलं आणि माझं बॉनेट उचललं. इंजिनाच्या दोन्ही अंगांना जळका धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारी ओतीव लोखंडाची नळकांडी असतात. त्यांना मॅनिफोल्ड म्हणतात. माझी दोन्ही तडकली होती. जो धूर मी मागे सोडायला हवा, तो मी रतनबाईच्या नाकातोंडात भरत होते.

तशी नळकांडी कुठे मिळेनात. शेवटी औरंगाबादच्या भंगार बाजारात माझ्याच बनावटीची एक मोडीत काढलेली गाडी सापडली. तिची नळकांडी काढून बंकटने पोत्यात बांधून आणली. मला अंगणात विटांवर चढवलं. शेजारचा मेंढपाळ धुळाजी मदतीला आला. कडक उन्हात दोघे माझ्या पोटाखाली पडून होते. गंजलेल्या नटांवर रॉकेल सोडलं, शेगडीची धग दिली, पाना लावून दोघांनी ओढलं. डावं नळकांडं निघालं. उजव्या बाजूला एक बोल्ट आतच तुटला.

बंकटने ड्रिल लावून तो पोखरून काढला, तसं त्या भोकातून इंजिन गार ठेवणारं पाणी भळाभळा बाहेर आलं. धुळाजी घमेलं घेऊन धावला, पण निम्म्याहून जास्त पाणी मातीने पिऊन टाकलं. दोघेही त्या ओल्या डागाकडे बघत बसले. टँकर आठवडाभर फिरकला नव्हता.

"आता वं, बंकटदादा?" धुळाजीने विचारलं.

बंकटने फडकं उचललं. त्याने भोकाचे आटे साफ केले, नवा बोल्ट बसवला, पॅकिंग घालून दोन्ही नळकांडी आवळली. मग पाना खाली ठेवला. पाण्यावाचून पुढे काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात रतनबाई घरातली कळशी कमरेवर घेऊन आली. चालताना तिला धाप लागत होती.

"अगं, ते प्यायचं हाय!" बंकट ओरडला.

"मला डॉक्टरनं घोट मोजून दिलाय," ती म्हणाली. "हिला तर पोटभर पिऊ द्या."

मी चालू झाले. आवाज साफ आला, धूर मागच्या नळीतून निघाला. रतनबाई माझ्या आत बसून लांब श्वास घेत राहिली आणि म्हणाली, "आता काईच गरगरत न्हाई." बंकटने तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढच्याच फेरीला आम्ही अंबाजोगाईत पोचलो, तर दवाखान्याच्या दारातच नर्सने नकाराचा हात हलवला. रक्त धुणाऱ्या त्या यंत्राला भरपूर पाणी लागतं, आणि तिथला टँकरही आला नव्हता. "उद्या बघू," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा अर्धाच वेळ यंत्र मिळालं. त्यापुढच्या खेपेला तेही नाही. लातूरला चौकशी केली, तिथेही तेच. मी एकदाही बंद पडले नाही, मित्रांनो. जायचं तिथे गेले, वेळेवर गेले. रतनबाईचे पाय सुजले, मग चेहरा सुजला. एका सकाळी बंकट माझं दार उघडून तिला आणायला घरात गेला, आणि बराच वेळ झाला तरी घरातून कोणी बाहेर आलं नाही.

आता मी अंगणात उभी आहे. बंकट माझ्यावर फडकंसुद्धा मारत नाही. भिंतीला टेकून बसतो, जेवायला हाक मारणारं कोणी नाही. धुळाजी ताटली ठेवून जातो, कधी ती तशीच परत नेतो.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. मी धडधाकट आहे. तुमच्या गावात कोणी आजारी पडलं, कोणाला तालुक्याला न्यायचं असलं, तर या अंगणात या आणि बंकटला सांगा. तो नाही म्हणेल. पुन्हा सांगा.