के-सतराचा वास

ऋतुजाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते.

"मॅडम, महिनाअखेरीस आपली कल्चर रूम रिकामी करायची आहे. तिथे इन्क्युबेशन सेंटर होणार."

"जंतूंचं?"

"स्टार्टअपचं."

"आणि आपले इन्क्युबेटर?"

"भंगारात," ती म्हणाली, आणि दोघीही जराशा हसलो.

ऋतुजा माझ्याकडे पीएच.डी. केलेली शेवटची मुलगी. आता विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची प्रमुख आहे. पण फोन खोलीसाठी नव्हता. जंतूंच्या एका राष्ट्रीय संग्रहाने माझा के-सतरा कायमचा सांभाळायचं कबूल केलं होतं, शोधणारी म्हणून माझ्या नावासकट. अट एकच होती. आम्ही निबंधांत लिहिलं तसं त्याने हळदीच्या बुरशीला रोखून दाखवायला हवं.

"ते काय, तो करेलच," ऋतुजा म्हणाली. "पण नळी तुमच्या हातून जाऊ दे. बाकी सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेत मारायला जाणार आहे."

मी भाजी तशीच ठेवून साडीला इस्त्री करायला घेतली.

के-सतरा मला कसब्यातल्या कुंभारवाड्यात सापडला. मी एम.एस्सी. झाले तेव्हा आमच्या सरांनी विषय वाटून दिले. इतरांना इस्पितळातले नमुने मिळाले. मला म्हणाले, "ओव्हाळ, तुम्ही माती घ्या. तुमच्या लोकांना सवय असते." वर्ग हसला. सरही हसले, फार सभ्यपणे.

माझे वडील, कचरूनाना, खडकीच्या कारखान्यात होते. रविवारी ते माझ्याबरोबर डालड्याचा रिकामा डबा घेऊन आले. कुंभाराला म्हणाले, "मुलीला अभ्यासाला थोडी माती पाहिजे."

"सायन्स शिकून माती मागती?" कुंभार म्हणाला. "आमची पोरं जन्मापासून मातीत हायेत. त्यांना द्या की थोडं सायन्स."

नाना परतीच्या वाटेवर त्यावर हसत होते.

त्या मातीतल्या सतराव्या नमुन्यात तो उगवला. खडूच्या भुकटीसारखी पांढरी, कोरडी वसाहत. मी प्लेटचं झाकण उघडलं आणि नव्या माठातल्या पहिल्या पाण्याचा वास आला. हळदीचे कंद कुजवणारी बुरशी त्याच्या शेजारी लावली, तर ती त्याच्यापासून बोटभर अंतरावर थांबली. मध्ये स्वच्छ, रिकामी कड. ती कड मी किती वेळ बघत उभी होते!

त्या जंतूवर माझी पीएच.डी. झाली, नोकरी टिकली, निबंध छापून आले. खातेप्रमुखाची खुर्ची मला मिळाली नाही. दर वेळी माझी पाळी आली की काहीतरी वेगळंच कारण निघायचं. घरी यायचे, भाकरी टाकायचे, आणि मनाशी म्हणायचे, असू दे, फ्रीजमध्ये के-सतरा आहे. दर तीन-चार महिन्यांनी त्याला नव्या नळीत, नव्या खाद्यावर नेऊन लावायचं, एवढंच त्याचं मागणं. पुढे ते काम मी विद्यार्थ्यांवर सोपवलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं.

विभागात शेफाली नावाची संशोधक विद्यार्थिनी प्लेट घेऊन तयार होती. मी झाकण उचललं आणि सवयीने नाकाशी नेलं.

"मॅडम, प्लीज! हुंगायचं नसतं!" ती जवळजवळ ओरडलीच. भिंतीवर तशी पाटीही होती.

"आम्ही अर्धं शास्त्र नाकानेच शिकलो," मी म्हणाले. पण नाकाला काहीच लागलं नव्हतं. वसाहतही खडूसारखी नव्हती. गुळगुळीत, ओलसर, मेणासारखी होती.

"ऋतुजा, हा के-सतरा नाही."

"मॅडम, गेल्याच महिन्यात ओळख पटवणाऱ्या जनुकाचा सिक्वेन्स केलाय. तंतोतंत तोच आहे."

मग शेफाली हळूच म्हणाली, "माझ्या आजीलापण कोविडनंतर वास येत नाही."

ऋतुजाने तिच्याकडे रागाने पाहिलं. पण मलाही कोविड झाला होता.

"तुझ्या आजीसारखंच असू दे," मी म्हणाले. "बुरशीसमोर लावून बघू."

ती प्लेट मीच लावली. जंतूची रेघ सरळ आली. चार दिवसांनी या, असं ठरलं. बिबवेवाडीला घरी आल्यावर मी हिंगाची डबी उघडली. वास आला. कापराचा आला. राहिलेल्या मेथीचाही आला. मग मी डबे उघडणं बंद केलं. जन्मभर स्वतःचं बरोबर ठरावं म्हणून भांडले, आणि आता माझंच नाक चुकीचं निघावं, एवढीच इच्छा उरली होती.

चार दिवसांनी ऋतुजाने प्लेट माझ्यापुढे ठेवली. ती आधीच बघून आली होती, हे तिच्या चालण्यावरून कळलं. बुरशी या कडेपासून त्या कडेपर्यंत कापसासारखी पसरली होती. माझी रेघ तिच्याखाली कुठेतरी होती.

"शेफाली," मी म्हणाले, "नव्या नळीत लावताना तू कशी उचलतेस, दाखव बरं."

तिने तारेची लूप घेतली, आणि ती सरळ नळीतल्या सर्वांत मऊ, गुळगुळीत भागाकडे गेली. "इकडचं पटकन उचललं जातं, मॅडम. भुकटीवालं उडायचं, लूपला चिकटायचं नाही; आता तर ते उरलेलंही नाही. सीनियरनी असंच दाखवलं."

"मला माझ्या सीनियरने, वरदने दाखवलं होतं," ऋतुजा म्हणाली. "त्याला त्याच्या आधीच्या कुणी."

मग कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. या जातीच्या जंतूंत काही आळशी निघतात. ते भुकटी धरत नाहीत, वास सोडत नाहीत, औषध बनवत नाहीत. वाचलेली शक्ती वाढण्यात घालतात, म्हणून मऊ आणि भराभर वाढतात. प्रत्येक हाताने सोयीचं म्हणून तेच उचललं होतं. अगदी नेमाने, वेळच्या वेळी. के-सतराला कुणी मरू दिलं नव्हतं. नाव तेच होतं, सिक्वेन्स तोच होता.

"मॅडम, मी संग्रहवाल्यांशी बोलते," ऋतुजा म्हणाली. "नुसत्या सिक्वेन्सवरही घेतील. माझ्या ओळखीचे आहेत."

"काय म्हणून घेतील? ओव्हाळबाईंचं नाव चिकटवलेली नळी म्हणून?"

ती खाली बघू लागली. तिचीही सगळी पीएच.डी. त्या रिकाम्या कडेवर उभी होती.

"आपण परत माती आणू या ना, मॅडम," शेफाली म्हणाली. "त्याच जागेवरून."

"कुंभार कधीच मुंढव्याकडे गेले, बाळ. मातीचा ढीग होता तिथे आता सोसायटीचं पार्किंग आहे. फरशी घातलेलं."

नळ्या मीच तारेच्या टोपलीत ठेवल्या. ऋतुजा म्हणाली, एक तरी आठवण म्हणून ठेवा. मी तीही टोपलीत ठेवली. ऑटोक्लेव्हचं झाकण तिने फिरवून घट्ट केलं आणि आम्ही तिघी स्टुलांवर बसून राहिलो. दाबाचा काटा हळूहळू चढत होता.

"कसा होता त्याचा वास?" शेफालीने विचारलं.

"नवा माठ आणला, त्यात पहिल्यांदा पाणी भरलं, की येतो ना, तसा."

तिने खरंच आठवून बघितलं. मग ओशाळून म्हणाली, "आमच्याकडे पहिल्यापासून प्युरिफायरच आहे, मॅडम."

मी तिच्यासाठी दुसरं काहीतरी शोधू लागले. ओली भिंत म्हणावं, की सारवलेली जमीन? तीही तिने कुठे पाहिली असणार! माझं सांगून झालं नव्हतं, तेवढ्यात वाफ सुटली आणि जंतूंच्या खाद्यातल्या शिजलेल्या अगारचा वास खोलीभर पसरला. तो मात्र तिघींनाही आला.