वरल्या वाडीची दुसरी फिल्म

ज्योत्स्नाची पहिली फिल्म साफ तोंडावर आपटली. वाईट होती म्हणून नव्हे हो, फार देखणी होती म्हणून. आता ह्याला काय म्हणावं!

ज्योत्स्ना मूळची आंदर मावळातल्या वरल्या वाडीची. राहायची तळेगावात आणि लोणावळ्याला लग्नाआधीची शूटिंगं करायची. दरीच्या काठाजवळ नवरी उभी करायची, ओढणी वाऱ्यावर सोडायची, वरून ड्रोन फिरवायचा. नवरा मुलगा कसाही असो, राजबिंडा दिसायचा. ह्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

तिची चुलतबहीण प्रतीक्षा यंदा वडगावच्या कॉलेजात अकरावीला गेली. एसटी यायची फाट्यापर्यंतच. तिथून वाडीपर्यंत चढाची वाट, मध्ये दाट रान, आणि कॉलेज सुटून पोर फाट्यावर उतरेपर्यंत दिवस कलायला लागलेला. प्रतीक्षाचे वडील, म्हणजे ज्योत्स्नाचे भिकाजीकाका, तिला आणायला जाणार कसे? तीच धारांची वेळ, आणि डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नाही. काकांनी एकदाच सांगून टाकलं, "दिवाळीपत्तोर एसटी वर आली तर बरं. न्हाईतर कालेज बंद. माजा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई." माणूस बोलायला कडक, पण तो सगळा कडकपणा भीतीचा होता.

वाडीपर्यंत सडक तर झालेली. एसटीचे साहेब म्हणत होते, गरज पटवून द्या, मग बघू. ज्योत्स्नानं छाती ठोकून सांगितलं, काका, मी फिल्म काढते, साहेब बघतच राहतील.

आणि खरंच, साहेब बघतच राहिले. श्रावणातली हिरवीगार भातखाचरं, डोंगरावरून उतरणारं धुकं, त्यातून हळूहळू चालत येणारी प्रतीक्षा. मागं बासरी. ड्रोनमधून सडक अशी दिसत होती, जणू कुणी वाळत टाकलेली रिबीन. फाट्यावरून निघालेली पोर बासरीच्या दोन सुरांत घरच्या उंबऱ्यावर. साहेबांनी मोकळ्या मनानं कौतुक केलं. रोज अशा वाटेनं चालायला मिळतं, नशीबवान आहात म्हणाले. अर्ज मात्र होता तिथंच राहिला.

बरं, एवढ्यावर तरी भागावं की नाही? ज्योत्स्नानं ती फिल्म हौसेनं मोबाइलवर सगळीकडे टाकली होती. पुढच्या शनिवारी वाडीत मोटारींची ही रांग! एकानं गाडी भिकाजीकाकांच्या बांधावरच चढवली आणि वर त्यांनाच विचारलं, ते फिल्ममधलं गाव कुठं आलं? काकांनी संध्याकाळी पुतणीला फोन लावला. "झ्याक काढलीस बग फिल्म. आमालाच आमचा हेवा वाटाया लागलाय."

ज्योत्स्नाला रडूच फुटलं. रात्री जेवणंही सुचेना. पुन्हा पुन्हा तीच फिल्म लावून बसली, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की ह्यात सगळं आहे, फक्त चालणं नाही. ड्रोन होता वर, घारीसारखा, आणि घारीला कसला आलाय चढ? जिथं दम लागतो तिथं तिनं कट मारला होता. जिथं अंधार होतो तिथं शूटिंगच केलं नव्हतं, प्रकाश बरा नाही म्हणून. आणि ती स्वतः? ती तर स्कूटीवरून गेली होती, तीन जागी थांबली होती. दहावीनंतर तिला आईनं तळेगावला मामाकडं ठेवलं, त्यामुळे ही वाट संध्याकाळची तिनं कधी तुडवलीच नव्हती. ह्याची तिला मनापासून लाज वाटली.

आश्विनात एका संध्याकाळी ती प्रतीक्षाबरोबर एसटीतून फाट्यावर उतरली. ड्रोन घरीच ठेवलेला. पोरीला म्हणाली, मी मागं आहे हे विसरून जा. कॅमेरा छातीशी धरला, थोडं अंतर ठेवलं, आणि ठरवलं, एकदा सुरू केला की दारात पोचेपर्यंत बंद करायचा नाही.

प्रतीक्षाची पाठ, पाठीवरचं दप्तर. चढावर ती दप्तराचा पट्टा ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची. खालून एखादी मोटार आली की गटारात उतरून तोंड फिरवून उभी राहायची. आवाज म्हणून फक्त दोघींच्या धापा. उजेड कमी कमी होत गेला, तसं चित्रही काळवंडत गेलं, आणि धंद्याच्या सवयीनं ज्योत्स्नाचा हात लाईटकडे गेला. तिनं तो मागं घेतला.

रान लागलं तशी प्रतीक्षानं फोन काढून कानाला लावला आणि मोठ्यानं बोलायला लागली. "व्हय पप्पा, आले आले. तुमी तितंच थांबा वळनावर. दिसताय मला."

ज्योत्स्नानं एका हातानं आपला मोबाइल बघितला. एकही काडी नव्हती. रानात कुठल्याच कंपनीची रेंज नाही, हे तिला आठवलं. पुढं वळणावरही कुणी नव्हतं. तरी कॅमेरा तिनं बंद केला नाही.

घरी आल्यावर तिनं बहिणीला बाजूला घेतलं आणि विचारलं, तेवढं काढून टाकू का? प्रतीक्षानं आधी दप्तर खुंटीला अडकवलं. मग म्हणाली, "नगं. काडलंस तर वाट तुटंल."

दिवाळीच्या तोंडावर वाडीच्या शाळेत बैठक भरली. भिंतीवर चादर लावली. साहेब आले, ज्योत्स्नाला बघून हसले, आज कुठला धबधबा म्हणाले. फिल्म सुरू झाली. पाठ, दप्तर, धापा. पाच-सात मिनिटांत लोक चुळबुळायला लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि नम्रपणे म्हणाले, कळलं आम्हाला, जरा पुढं घ्या.

"साहेब, तिला पुढं घेता येत नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

साहेब उठले मात्र नाहीत. चादरीवर रान लागलं. प्रतीक्षाचा आवाज शाळाभर घुमला. व्हय पप्पा, आले आले. साहेबांना बरं वाटलं. म्हणाले, चला, वडिलांशी संपर्क तरी असतो.

मागच्या भिंतीपाशी भिकाजीकाका उभे होते. ते दोन पावलं पुढं आले.

"तितं रेंज न्हाई, सायब," ते म्हणाले. "आन मी त्या वळनावर कदी उबा न्हवतो."

त्यानंतर कुणी चुळबुळलं नाही. काळ्या होत गेलेल्या चादरीवर नुसती पावलं ऐकू येत होती, आणि घरचा दिवा दिसेपर्यंत साहेब जागचे हलले नाहीत. निघण्याआधी त्यांनी लिहून दिलं, सुट्टी संपली की संध्याकाळची फेरी वाडीपर्यंत येईल. ज्योत्स्नाचा जीव भांड्यात पडला. काका मात्र तडक गोठ्याकडं निघून गेले.

सुट्टी लागायला अजून कॉलेजचे चार दिवस होते. दुसऱ्या संध्याकाळी ज्योत्स्ना पुन्हा प्रतीक्षाबरोबर फाट्यावरून निघाली, ह्या वेळी मोकळ्या हातानं. ओढ्याशी सडकेच्या कडेला तिची चप्पल चिखलात रुतली आणि ती मागं राहिली. पुढं रान लागलं होतं. प्रतीक्षानं सवयीनं फोन कानाला लावलाच. "व्हय पप्पा, आले आले. तुमी तितंच थांबा."

वळणावर बॅटरी पेटली.

"थांबलोयच की कवाचा," भिकाजीकाकांचा आवाज आला. "रोज सांगतीस न्हवं, थांबा म्हनून? चल बिगीबिगी, तुज्या आईला धारा जमत न्हाईत."

प्रतीक्षा वाटेतच थबकली. फोन तिनं कानावरून काढला नाही. त्यातच हळू म्हणाली, "आले, पप्पा."