शेजारच्या बाजूचा वायपर

मी वायपर बोलतोय. फरशी पुसायचा नव्हे, मोटारीच्या काचेवरचा. एका काचेवर आम्ही दोघे असतो, एक चालकासमोर आणि दुसरा त्याच्या शेजारी बसणाऱ्यासमोर. मी तो शेजारचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? जरा दम धरा. एका दिवशी चार माणसांचा जीव माझ्या रबराच्या पट्टीवर होता आणि मी तो राखला. तेव्हा मी छाती फुगवून बोललो तर कुणाला राग यायचं कारण नाही.

कारखान्यात माझ्या लोखंडी दांड्याला काळा रंग दिला, खाली रबर बसवलं आणि एका निळ्या गाडीवर मला माझ्या जोडीदारासोबत चढवलं. त्याचा दांडा माझ्याहून लांब, आणि तोराही. "तू नसलास तरी गाडी चालते," हे तो मला उठताबसता ऐकवायचा. खोटं कशाला सांगू, पहिल्या मालकाकडे ते खरंच होतं. तो एकटाच फिरायचा आणि शेजारच्या सीटवर त्याची पिशवी ठेवायचा. मी चार पावसाळे एका पिशवीसाठी काच पुसली.

मग गाडी विकली गेली आणि माझं नशीब उघडलं. नव्या घरात बाबा, आई आणि दोन मुलं. मोठी मुलगी, तिला घरात ताईच म्हणत, आणि तिचा धाकटा भाऊ बारक्या. काचेबाहेर राहणाऱ्याला एक फायदा असतो, त्याला सगळ्यांचे चेहरे समोरून दिसतात. ताई गाडीत बसली की पाच मिनिटांत झोपायची आणि उठल्यावर "मी झोपलेच नव्हते" म्हणून भांडायची. बारक्याला बसल्याबसल्या भूक लागायची.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांची बोटं लोण्यासारखी हलकी. त्यांचं आवडतं वाक्य एकच, "जास्त आवळलं की जीव जातो." आई बंदरावर क्रेनला इशारे द्यायची. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसतो आणि त्याला खालचा माल धड दिसत नाही. आईने खालून वॉकीटॉकीवर सांगायचं आणि त्याने तेवढंच हलवायचं. दिवसभर बोलून तिचा घसा बसायचा, म्हणून घरी आणि गाडीत ती गप्प असायची. बाबाही मुळात मितभाषी. पुढच्या सीटवर दोघे असे बसत, जणू भाड्याची गाडी करून निघालेले दोन अनोळखी प्रवासी.

उत्तरेकडच्या रानात जायचं बारक्याच्या हट्टामुळे ठरलं. त्याला ते घोड्याहून उंच हरीण बघायचं होतं, ज्याची शिंगं फावड्यासारखी रुंद असतात. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी सवयीप्रमाणे जे सुटेल ते सोडलं, पुसलं, तेल दिलं आणि परत लावलं. आम्हा दोघांनाही उतरवलं. जोडीदाराचा नट त्यांनी स्वतः बसवला. दोन बोटांनी, अगदी मनगटी घड्याळाचा असावा तसा. माझी पाळी आली तेवढ्यात आई कामावरून आली. "दे इकडे, जेवण निवतंय," म्हणत तिने पाना घेतला आणि मला असं आवळलं की मी कळवळलो. मनात म्हटलं, बाई, मी तुझं काय घोडं मारलंय?

रानात शिरलो तसा पाऊस सुरू झाला आणि थांबायचं नाव घेईना. दोन्ही बाजूंना काळपट हिरवी उंच झाडं, मधून अरुंद रस्ता आणि खाली नदी. गाव नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. बारक्या दर वळणावर विचारायचा, "दिसलं का हरीण?" आणि ताई म्हणायची, "त्याला कळलंय तू येतोयस म्हणून. घर बदललं त्याने." मी आणि जोडीदार जीव तोडून काच पुसत होतो.

तेवढ्यात मागून एक ट्रक आला. शेजारी येऊन ट्रकवाल्याने काच खाली केली आणि ओरडला, "दादा, मागे नदी रस्त्यावर आलीय! माघारी जाऊ नका. पुढे पूल लागेल, तो ओलांडून वर चढा. वर वनरक्षकांची चौकी आहे. इथे थांबलात तर पाण्यातच राहाल!" एवढं बोलून तो निघूनही गेला.

बाबांनी वायपरचा वेग वाढवला. आणि तिसऱ्या का चौथ्या फेऱ्याला माझा जोडीदार दांड्यासकट उडाला. खालच्या नदीत गेला बिचारा. तोरा होता, पण कामाला चोख होता. असं व्हायला नको होतं.

बाबांसमोरची काच क्षणात पांढरी झाली. त्यांनी ब्रेक मारला. "मी काय केलं हे," ते म्हणाले, "मी तो नट घड्याळासारखा आवळला." ते भर पावसात उतरले आणि मला काढून त्या बाजूला लावता येईल का ते बघू लागले. हत्यारांच्या डबीत काय होतं? चिमटा, भिंग आणि काडीएवढे पेचकस. पाना घरी राहिला होता. आईच्या हाताने आवळलेला नट चिमट्याने सुटतो होय? मी जागचा हललो नाही. तसा हललो असतो तरी माझा दांडा पडला आखूड.

ते नखशिखान्त भिजून आत आले. आईच्या मांडीवर वाकून माझ्या बाजूने बघत गाडी चालवायचा प्रयत्न केला, तर गाडी सरळ कडेच्या झुडपात. कशीबशी मागे घेतली. बारक्या रडायला लागला. मागच्या वळणावर रस्ता आता दिसत नव्हता, तिथे तपकिरी पाणी होतं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चूक माझी," ते पुन्हा म्हणाले.

"घरी गेल्यावर भांडू," आई म्हणाली. "आत्ता ऐक. तुला दिसायची गरज नाही. मला दिसतंय. मी बोलतेय तोवर चालायचं. मी गप्प झाले की थांबायचं, जागच्या जागी. का, कशाला, विचारायचं नाही. क्रेनवर असंच करतात."

"आणि चुकलं तर?"

"माझ्या हाताखाली आजवर एक खोकं आपटलेलं नाही. घाल गिअर."

आणि मग तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बंदरावरचा आवाज. "सरळ... सरळ... डावं थोडं... अजून... बस. सरळ... सावकाश... उजवं... उजवं... असंच..." छतावर पाऊस एवढा आदळत होता, पण तिचा एक शब्द हरवला नाही. बाबा पांढऱ्या काचेकडे बघत होते आणि हात मात्र तिच्या शब्दाबरोबर हलत होते. नवराबायको इतकं सलग बोललेली मी तरी कधी पाहिली नव्हती, मग भले बोलणारं एकच का असेना.

आत श्वासांनी वाफ धरली, तेव्हा ताईने पायातला कोरडा मोजा काढला आणि पुढे वाकून आईसमोरची काच आतून पुसायला लागली. बारक्याला काम नव्हतं, म्हणून त्याने मला धीर द्यायचं काम घेतलं. डोळे पुसत तो माझ्या प्रत्येक फेऱ्याला पुटपुटायचा, "शाब्बास वायपर. शाब्बास वायपर." आयुष्यात मला कुणी हाक मारली नव्हती. मी असा पुसायला लागलो की रबराची कड सुटायला लागली, पण मला त्याची शुद्ध नव्हती.

पुढे पूल आला. पाणी फळ्यांना लागलेलं. "सरळ... सरळ... चाकं फळ्यांवर आहेत... सरळ..."

आणि आई गप्प झाली.

बाबांनी ब्रेक दाबला. का, कशाला, विचारलं नाही. पुलाच्या मधोमध, माझ्या पुसलेल्या काचेत, ते उभं होतं. घोड्याहून उंच. फावड्यासारखी शिंगं, अंगावरून पाण्याच्या धारा. बाबांना त्यातलं काही दिसत नव्हतं, पण त्यांचा पाय ब्रेकवर तसाच होता. एक हात हॉर्नकडे गेला. आईने तो हळूच धरला.

"नको. बिथरेल."

"आई," बारक्या कुजबुजला, "तेच ना?"

"तेच."

त्या प्राण्याने आमच्याकडे पाहिलं, खरं सांगायचं तर माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे चालत पलीकडच्या झाडीत गेला. फळ्यांवर पाणी चढायला लागलं होतं. "चल," आई म्हणाली, "सरळ... सरळ... आता चढ आहे, जोर दे... सरळ..."

चौकीत पिवळा रेनकोट घातलेल्या वनरक्षक बाई कंदील घेऊन बाहेर आल्या. त्यांनी काचेची आंधळी बाजू पाहिली, स्टीअरिंग पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या पावसात चालवली कुणी?"

"हात माझे होते," बाबा म्हणाले. "बाकी सगळं हिचं."

मला वाईट वाटणारच होतं, तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि वायपरचं!"

पाणी ओसरल्यावर पुढच्या गावात गॅरेजवाल्याने दोन कोरे वायपर बसवले. आईने पाना मागून घेतला आणि दोन्ही नट स्वतः तपासले. मला गॅरेजवाला भंगारात टाकणार, तर बारक्याने मला उचलून पोटाशी धरलं. परतीची सगळी वाट मी त्याच्या मांडीवर होतो, जन्मात पहिल्यांदा काचेच्या आत. पुन्हा पाऊस लागला. बाबांसमोरची काच लख्ख होती. तरी थोड्या वेळाने ते म्हणाले, "बोल ना."

"आता दिसतंय की तुला," आई म्हणाली.

"दिसतंय. तरी बोल."

आणि ती बोलत राहिली, बंदरावरचं, तिच्या मैत्रिणींचं, कुठलं कुठलं. तिचा घसा बसेल म्हणून त्यांनी मधेच चहासाठी गाडी थांबवली.

आता मी बारक्याच्या खोलीत खिडकीच्या चौकटीवर असतो. दांड्याचा रंग उडालाय, रबर दोन ठिकाणी फाटलंय. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, की कधी एखादा म्हातारा वायपर बदललात तर त्याला फेकण्याआधी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा. कुठल्या पावसातून त्याने तुम्हाला घरी आणलं ते तुम्हाला कळलेलंही नसतं.

पाऊस आला की बारक्या खिडकी उघडतो, मला धरतो आणि बाहेरची काच पुसतो. खरं म्हणजे मी आता काच पुसत नाही, तिच्यावर रेघा ओढतो. समोरचं झाडसुद्धा धड दिसत नाही. पण तो नाक काचेला लावून बघतो आणि म्हणतो, "बघ, किती स्वच्छ दिसतंय." मी त्याचं खोटं खुशाल ऐकून घेतो, आणि माझी छाती पुन्हा फुगते.