गालावरचा डोळा

मोहियुद्दीनचाचांएवढा हट्टी माणूस रियाधच्या अख्ख्या अल मलाझमध्ये शोधून सापडणार नाही. मी यूनुस. ते काम करतात त्याच चांदीच्या दुकानात मी काउंटरवर असतो. चाचा मागच्या खोलीत जुने दागिने जोडत बसतात. दोघेही राजापूरकडचे, त्यामुळे भांडण कसं मनमोकळं होतं. यंत्रात ओतलेला माल यायला लागल्यापासून आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही इथे राहतो तो दुकानमालक अबू फैसल, ती मागची खोली बंद करायच्या गोष्टी करत होता. खोली बंद म्हणजे चाचांचा इकामा, इथे राहायचा परवाना, खलास.

दुसरा कुणी असता तर उड्या मारत गावी गेला असता. साठी उलटलेली, गावात घर, लेक मुंब्र्याला सुखात. पण बदरुन्निसाचाची इथे, रियाधमध्ये दफन आहेत. इथल्या कबरीवर नाव नसतं. मातीचा उंचवटा आणि उशाला एक दगड, राजाला तोच आणि रंकाला तोच. चाचा दर जुम्म्याला तिथे जातात. "मी गेलो तर तिला वळखणारा कोण राहिला रे?" म्हणतात.

अशात अबू फैसलने आपल्या आजीचा हार संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. हाराच्या मध्यभागी एक काळं पडलेलं नाणं लटकत होतं. ते बघायला संग्रहालयाच्या डॉक्टर नबीला आल्या आणि भिंग लावून बसल्या त्या उठेचनात. नाणं ग्रीक राजाचं, सिकंदराच्या नंतरचं. पण राजाच्या गालावर अंधूकसा आणखी एक डोळा होता. बाई इंग्रजीत सांगत होत्या, मी चाचांना समजावत होतो. नवा राजा आला की जुनी चांदीची नाणी वितळवत बसायची नाहीत. तापवायची आणि त्यांच्यावरच नवा ठसा हाणायचा. ठोका कमी पडला की जुन्याचं काहीतरी खाली राहून जायचं. हा डोळा त्या जुन्या राजाचा. तो कोणाचा ते कळलं तर नाणं कुठून निघून अरबस्तानात आलं तेही कळेल.

"बिचारा," चाचा म्हणाले. "वरनं दुसरा बसवला तरी बघतोच आहे."

नाण्याला नंतर कुणीतरी कडी जोडली होती. ती चाचांनी नीट काढून दिली तर संग्रहालयाचे बाकीचे दागिनेही याच खोलीत दुरुस्तीला येतील, असं बाई म्हणाल्या. "मग खोली राहील," अबू फैसलने तिथेच शब्द दिला. त्या संध्याकाळी चाचांनी मला स्वतःहून चहा पाजला. असं कधी होत नाही.

कडी त्यांनी बारीक करवतीने सोडवली, ओरखडासुद्धा नाही. तेवढ्यावर थांबायचं ना! पण चाचांच्या उस्तादाचा नियम होता, दुसऱ्याची चांदी काळी परत करायची नाही. आमच्याकडे लग्नाआधी घरातली सगळी चांदी आमसुलाच्या पाण्यात घालतात. चाचींनी शेवटच्या खेपेला गावाहून आणलेली आमसुलं एका डब्यात राहिली होती. चाचा ती कुणाला हातही लावू देत नसत. ती काढली. पाणी उकळलं, नाणं बुडवलं, रिठ्याच्या फेसात मऊ ब्रशने चोळलं.

मी आत गेलो तेव्हा ते नाणं दिव्याखाली फिरवत होते. नाणं लखलखत होतं.

"यूनुस, तुझी नजर चांगली. बघ जरा. डोला खय गेला?"

मी पाहिलं. राजा होता, नाक होतं, गाल होता. गाल स्वच्छ. त्या डोळ्याची रेघ चांदीत नावालाच उरली होती. दिसत होती ती तिच्यात मुरलेल्या काळेपणामुळे. काळेपणा गेला आणि डोळाही गेला.

मी ओरडलो. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"डाक्टरीणबाईला नीट दिसावा म्हणून केलं रे," चाचा म्हणाले. मग डब्यात उरलेलं एकुलतं आमसूल बघून त्यांनी झाकण लावलं. मला रडू आलं, आणि माझ्या रडण्याचाच राग आला.

रविवारी बाई आल्या. खूप वेळ भिंगातून पाहत राहिल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट. "माझ्याकडे फोटो आहे," एवढं हळूच म्हणाल्या. पण त्या फोटोत नुसता डाग दिसतो, हे त्यांनीच मागे सांगितलं होतं. बाकीचे दागिने आले नाहीत, आणि मागची खोली बंद झाली. अबू फैसलने शब्द फिरवला असंही म्हणता येत नाही.

कायमचं गावी निघायच्या आधीच्या जुम्म्याला चाचा मला कब्रस्तानात घेऊन गेले. रांगांमधून न अडखळता चालत एका दगडापाशी थांबले, तो जरासा सरळ केला.

"हीच. नीट बघून ठेव. जमेल तसा येत जा, सलाम कर."

"फोटो काढू?"

"फोटोत काय कलतंय?"

आम्ही फातेहा पढलो. मग चाचा पुढे चालू लागले, मागे वळले नाहीत. मी मात्र जागा पक्की करायला वळून पाहिलं. उन्हात दगडच दगड, सगळे एकसारखे. आत्ता कुठे उभे होतो तेही मला सांगता येईना.

फाटकापाशी चाचांनी विचारलं, "वळखशील ना?"

"हो चाचा," मी म्हणालो.