दगडीची ट्यूब

राहीबाईच्या म्हशीला दगडी झाली, कास सुजून टणक झाली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी सडात सोडायच्या ट्यूबा दिल्या. दोन ट्यूबांतच कास मऊ पडली. उरलेल्या फेकून देईल ती राहीबाई कसली! त्याच सुमारास तिच्या वीरधवलच्या पाठीवर मोठाल्या पुटकुळ्या उठल्या होत्या. म्हशीला उतार पडतो, तर पोराला का पडू नये? तिनं त्या ट्यूबा त्याच्या पाठीला चोळल्या. आठवड्यात पाठ सुकली, आणि साऱ्या आष्टा गावाला तिनं हा उपाय सांगितला.

मग सवयच लागली. पुटकुळ्या उठल्या की ट्यूब, सुकल्या की बंद. ट्यूबा संपल्यावर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, त्याही बरं वाटेपर्यंतच. दर खेपेला गुण उशिरा यायला लागला. शेवटी तो यायचाच थांबला आणि पाठभर गळवं झाली.

वीरधवलला फौजेत जायचं होतं. बाप तिथूनच हवालदार होऊन आलेला. दुसरं काही पोराच्या मनात कधी शिरलंच नाही. साताऱ्याच्या भरतीत तो धावण्यात सगळ्यांच्या पुढं होता. वैद्यकीय तपासणीत बनियन काढायला लावलं आणि घोडं अडलं. पाठ बरी करून दोन महिन्यांत या, असं सांगितलं. वय बघता ही त्याची शेवटचीच भरती होती.

सांगलीच्या त्वचेच्या डॉक्टर अपूर्वाताईंनी पू तपासून घेतला.

"नेहमीची औषधं या जंतूंना आता लागू पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "अर्धवट औषधं पचवून ते निबर झालेत. जगभर हेच चाललंय, तुमच्या एकट्याचं नाही. वेगळी गोळी आहे, पण सहा महिने तरी लागतील."

"दोन म्हयन्यात न्हाई व्हायचं?"

"नाही हो मावशी."

राहीबाईनं म्हशीच्या ट्यूबांचं सांगून टाकलं. डॉक्टर ओरडल्या नाहीत, गोळ्यांची चिठ्ठी लिहू लागल्या. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

स्टँडवर आष्ट्याची गाडी लागायची होती. वीरधवल बाकावर पुढं वाकून बसला होता. पाठ टेकायची सोयच नव्हती. राहीबाईला हुंदका आवरेना. पोटच्या पोराचं आपण वाटोळं केलं, तेही माया करता करता.

"आरं, बोल की मला काय तरी. शिव्या घाल."

"तुला काय बोलू गं? तू बरं व्हावं म्हणूनच केलंस."

"घ्यू या त्या गोळ्या. सहा म्हयन्यानं पाठ चांगली हुईल बग तुजी."

"व्हय," तो गाडीच्या वाटेकडं बघत म्हणाला. "तवर तोड सुरू हुईल. उसाच्या मोळ्या वाहायला चांगलीच पाठ लागती."