डांबरावरची शिवण

रस्त्यावरची ती शिवण जेमतेम बोटभर रुंद होती. अलीकडचं डांबर करडं, ठिगळांचं. पलीकडचं काळंभोर, गुळगुळीत. इथेच गावची हद्द संपे, आणि एका शाळामंडळाचा इलाखा संपून दुसऱ्याचा सुरू होई. सहा वर्षांची ओपल नेहमीप्रमाणे एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभी राहिली. तिच्या आईने, मार्लिसने, तिला थोडा वेळ उभं राहू दिलं, मग तिचा हात धरून पलीकडच्या घराचं दार वाजवलं. ते मार्लिसच्या नणंदेचं, रोबर्टाचं घर.

ओपल तोंडाने बोलत नसे. चित्र दाबलं की शब्द उच्चारणारा टॅबलेट तिला शाळेने दिला होता. पण अलीकडच्या शाळेत तो मंडळाची मालमत्ता. शाळा सुटली की कपाटात. पलीकडची शाळा तिथे राहणाऱ्या मुलांनाच मिळे, आणि त्यांचा टॅबलेट घरी यायचा. रोबर्टा सांभाळत असलेल्या शेजारच्या छोट्या टेसच्या गळ्यात तर तो कायम लटकलेला.

रोबर्टाने नूडल्सचं सूप वाढलं.

"तिला नको," मार्लिस म्हणाली. "नूडल्स नाही आवडत तिला. बघ आता."

ओपलने वाडगा ढकललाच. टेसने शांतपणे आपला टॅबलेट तिच्यापुढे सरकवला. ओपलचं बोट अनोळखी चित्रांवरून हळूहळू फिरू लागलं. मार्लिस पुढे वाकली.

"चमचा," टॅबलेट म्हणाला. मग, बऱ्याच वेळाने, "मोठा."

रोबर्टाने खणातून छोटा चमचा काढून दिला. ओपलने वाडगा चाटूनपुसून संपवला.

मार्लिसने तो मोठा चमचा उचलून स्वतःच्या ओठांशी धरून पाहिला. घरचे सगळे चमचे असेच होते.

"आणखी काय काय माहीत नसेल गं मला?"

"तिलाच विचार की. तुम्हा दोघींसाठी वरची खोली मी कधीची आवरून ठेवलीय. आधी म्हणालीस, नाताळ होऊ दे. मग बर्फ वितळू दे. आता काय, सूप निवू दे?"

मार्लिस हसली नाही. तिचा नवरा वेंडेल गावच्या रस्त्यांवर कामाला होता, आणि गावचा नोकर गावच्या हद्दीतच राहायला हवा, असा नियम होता. वरची खोली म्हणजे त्या दोघी शिवणीच्या पलीकडे आणि तो अलीकडे, एकटा.

दार ढकलून तोच आत आला.

"चला, बायांनो. का इकडच्या डांबराची चटक लागली?"

"थांब जरा," मार्लिस म्हणाली. ओपलचं बोट पुन्हा फिरत होतं. ती मधेच बापाकडे बघे, पुन्हा चित्रांकडे.

"बाबा," टॅबलेट म्हणाला. "बस."

वेंडेलने टॅबलेटकडे पाहिलं, मग लेकीकडे. डोक्यावरची टोपी काढून तो तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसला.

"मला म्हणाली?"

"तुलाच," मार्लिस म्हणाली. चमचा तिने टेबलावर ठेवला, सरळ केला. "वेंडेल, सोमवारपासून ओपल आणि मी इथे राहणार आहोत."