सृष्टीसाठी घेतलेली साडी

मी एक साडी बोलतेय. हिरवी, काठाला सोनेरी वेल. साडीनं नुसतं सळसळावं, असं तुम्हाला वाटत असेल. आज माझ्याकडून ते होणार नाही. मला फार राग आलाय.

सुरतेच्या एका यंत्रमागावर माझा जन्म झाला. तिथून नगरच्या कापडबाजारात आले आणि आठ महिने घडीत पडून राहिले. बायका मला खांद्यावर टाकून आरशात बघायच्या, ‘लई भडक हाय’ म्हणायच्या आणि निळ्या साडीकडे वळायच्या. मग चैत्रात आदिनाथ आणि सृष्टी आले.

“ती हिरवी दाखवा,” आदिनाथ म्हणाला.

“हिरवी?” सृष्टी हसली. “माझं दुसरं लगीन हाय. लोक काय म्हनतील?”

“माझं तर पयलंच हाय. हिरवीच घ्यायची.”

आदिनाथ तिसगावचा, भाजीचा टेम्पो चालवणारा. सृष्टीचं तिथंच शिलाईचं दुकान. शाळेपासून दोघांचं मन एकमेकांवर होतं. पण सहा वर्षांपूर्वी तिच्या चुलत्यानं, काकासाहेबानं, तिला दुसरीकडं दिली आणि आदिनाथ तोंड मिटून बसला. तो नवरा मारायचा. दोन वर्षांनी ती माहेरी आली, कोर्टातून फारकत घेऊन सुटली. मग आदिनाथ आईचे ब्लाउज शिवायला टाकू लागला.

“वर्षात अकरा ब्लाउज! म्हातारी घालती का दुकान मांडती?” मला फॉल लावताना सृष्टी एकटीच हसायची. ‘तवा का गप बसलास?’ असं तिनं त्याला विचारलं होतं. ‘भ्यालो,’ एवढंच तो म्हणाला. खरं बोलला, म्हणून तिनं त्याला पुन्हा जवळ केलं.

लग्न वैशाखात ठरलं होतं. काकासाहेब म्हणाला, “आदी आमच्या मोनिकाचं जमू द्या. सोडलेलीचं लगीन घरात आदी लागलं, तर माझ्या पोरीला स्थळ येनार न्हाई.” वैशाख गेला. मग आषाढ नको. मग पितृपक्ष नको. सृष्टीचे वडील नाहीत, आणि तिची आई बनुबाई दिराच्या शब्दाबाहेर गेली नाही. दर वेळी सृष्टीनं मला पेटीतून काढलं, ऊन दाखवलं आणि परत घडी घातली.

दसऱ्याआधी तिला डेंग्यू झाला. सहाव्या दिवशी ती गेली. सव्वीस वर्षांची होती.

आज सकाळी अंगणात तिला अंघोळ घातली. चुलती आक्काबाई पांढरं कापड घेऊन आली. “ही सवाष्ण न्हाई. हिला हिरवं चालत न्हाई.” सृष्टीचा धाकटा भाऊ समर्थ आत धावला, पेटी उलथी केली आणि मला छातीशी धरून बाहेर आला.

“ठेव ती आत!” काकासाहेब ओरडला. “सोडलेली बाई ती.”

“तिला कुनी सोडलं न्हाई. तिनं सोडलं त्याला.” समर्थनं चुलत्याची गचांडी धरली. माणसांनी त्याला मागं ओढलं.

“हिरवं नेसवायला नवरा लागतो,” काकासाहेब म्हणाला. “कुठं हाय नवरा?”

आदिनाथ गर्दीतून पुढं आला. आताही हा गप बसतो की काय, अशी मला धास्ती वाटली.

“मी हाय.”

“अक्षता पडल्या का तुमच्यावर?”

“तुमी पडू दिल्या न्हाईत.”

मग बनुबाई उठली. “आक्का, सरका,” ती जावेला म्हणाली. “माझ्या लेकीला मी नेसवनार.”

मला राग फक्त काकासाहेबाचा नाही. दोन शब्द बोलायला सहा वर्षं लावणाऱ्या आदिनाथचाही आहे. आज उठलेल्या बनुबाईला वैशाखात काय झालं होतं? आणि तोंडाला पदर लावून रडणाऱ्या या साऱ्या बायका तेव्हा कुठं होत्या? तुमच्या घरातली कुणी पोरगी दुसऱ्यांदा मांडव मागत असेल, तर तिला महिने दाखवू नका. मांडव घाला.

आता खांदेकरी उठलेत. बनुबाईनं माझ्या निऱ्या नीट खोचल्या, पदर सारखा केला. सृष्टीचं अंग गार आहे. पण मी तिला शोभतेय, फार शोभतेय. कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणा ना तसं.